सिंधूअक्कांचं धुळं

"धुळ्याची का वं तू? मग आधी हात धुऊन ये."

सिंधूअक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. त्या दिवशी मी एक्स-रे काढायच्या कामावर रुजू झाले होते. धुळ्यात हायवेला लागून ते हॉस्पिटल होतं, खाजगी, तीस खाटांचं, आणि बहुतेक अपघात नि मारामाऱ्या यांच्यावरच चालणारं. अक्का तिथल्या कॅज्युअल्टीच्या सिस्टर. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, रुंद. केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. मनगटं गवंड्याची असावीत तशी.

मी बेसिनकडे वळते तोवर दारात रिक्षा थांबली. लग्नाच्या वरातीतून दोन माणसं आणली होती. डीजेपुढे नाचताना एकाचा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला होता, कारण एवढंच. एकाच्या दंडावर चाकूचा वार, दुसऱ्याचं डोकं फुटून फेट्याचा रंग बदललेला. दोघांना दोन खाटांवर झोपवलं, मधे पडदा ओढला. डॉक्टर हातमोजे चढवत होते, तेवढ्यात फेटेवाला उठला, पडदा ओरबाडून पलीकडे गेला आणि त्यानं दुसऱ्याच्या दंडातल्या जखमेत अंगठा खुपसला. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. मी भिंतीला चिकटले. अक्कांनी स्टीलचा ट्रे उचलला, त्यातल्या कात्र्या-चिमटे टेबलावर ओतले आणि रिकामा ट्रे त्याच्या कानफटात असा हाणला की तो मटकन खाली बसला. मग त्याच्या छातीवर गुडघा रोवून, दुसऱ्या हातानं पलीकडच्याच्या दंडावर कापसाचा बोळा दाबत म्हणाल्या, "जळगावले असं नाही. तिथं माणूस दवाखान्यात आला की पेशंट होतो. तुमच्या धुळ्यात तो इथंही वरातीतलाच राहतो."

आणि त्याच दमात माझ्याकडे बघून, "झाले का हात धुऊन?"

अक्का जामनेरजवळच्या एका खेड्यातल्या, पण वाढल्या जळगाव शहरात. नोकरीसाठी धुळ्यात आल्या, धुळ्याच्याच माणसाशी लग्न केलं आणि सव्वीस वर्षं धुळ्याला शिव्या देत धुळ्यातच राहिल्या. त्यांचे यजमान मधुकरभाऊ पिठाची गिरणी चालवायचे. माणूस इतका मवाळ की गिऱ्हाइकानं गहू म्हणून ज्वारीचा डबा ठेवला तरी आधी स्वतःच माफी मागायचा. "अख्ख्या धुळ्यात न भांडणारा एकच माणूस होता, तो मी उचलला," अक्का सांगायच्या. "उरलेले सगळे माझ्याकडेच येतात, टाके घालायले."

धुळ्याची एकही गोष्ट त्यांच्या तोंडातून सुटायची नाही. आमच्या गल्ल्या सरळ रेषेत आखलेल्या, नंबर दिलेल्या. आम्हाला त्याचा कोण अभिमान. अक्का म्हणायच्या, "नावं सुचली नाहीत म्हणून आकडे दिले. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. गाव आहे का जेल?" पांझरा नदीच्या पुलावरून जाताना नाकाला पदर. मे महिन्यात म्हणायच्या, "इथला सूर्यही हात उचलतो." धुळ्याच्या दुधाची, खव्याची कोणी तारीफ केली तर लगेच, "एवढं दूध पितात, मग अंगातून रक्त कायले निघतं एवढं?"

मी कधी तरी उलट बोलायचे. एकदा म्हटलं, "अक्का, परवा जळगावला गेले होते. रिक्षा खड्ड्यात अशी आपटली की माझी जीभ चावली गेली."

"खड्डे आहेत. पण पडलेल्या माणसाला उचलायला दहा जण धावतात."

"ते धुळ्यातही धावतात."

"धावतात ना. पाच उचलायला, आणि पाच कोणी पाडलं त्याले मारायला."

यावर हसू यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच काहीतरी खरंच घडायचं. अक्कांना शहर जखमांवरून कळायचं. कुठल्या भागात नळाला पाणी आलं हे सकाळी आलेल्या बायकांच्या फुटलेल्या डोक्यांवरून. कपाळावर हंड्याच्या काठाची कोर उमटलेली असायची. वीट लागलेली असली की बांधाचं भांडण, म्हणजे पेशंट आसपासच्या खेड्यातला. चावा असला की भाऊ-भाऊ. "परका चावत नाही," त्या म्हणायच्या. पिंपळनेरकडून एकदा एक म्हातारा आणला होता. सख्ख्या पुतण्यानं त्याच्या कानाची पाळी तोडली होती, आणि पाळी म्हाताऱ्यानं तंबाखूच्या डबीत घालून आणली होती, लावून द्या म्हणून. अक्कांनी डबी उघडली, बघितली, मिटली. म्हाताऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन पुतण्याला दोन मुस्काटात दिल्या. पुतण्याच म्हाताऱ्याला मोटारसायकलवर घेऊन आला होता.

त्या मारायच्या हे मी लपवत नाही. दारू पिऊन आलेल्यांना मारायच्या, इंजेक्शनला हात झटकणाऱ्यांना मारायच्या, बायकोला बडवून मग तिलाच उचलून आणणाऱ्या नवऱ्यांना तर रांगेत उभं करून मारायच्या. आजकालच्या दिवसांत हे चालणारं नव्हतं. डॉक्टर त्यांना दर आठवड्याला समज द्यायचे. पण टाके डॉक्टरांनी घातले तरी पुढचे दहा दिवस ड्रेसिंग अक्काच करायच्या, टाकेही त्याच काढायच्या, आणि त्यांच्या हातची जखम सहसा चिघळायची नाही. ज्यांनी मार खाल्लेला असायचा तेच दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचे, "अक्का शेत ना आज? मंग बठतो." अक्का आहेत म्हटलं की निवांत बसायचे.

त्यांना माणसांची नावं आठवायची नाहीत. मलासुद्धा शेवटपर्यंत फोटोवालीच म्हणत राहिल्या. व्रण मात्र विसरायच्या नाहीत. भाजीबाजारात एकदा माझ्याबरोबर मेथीची जुडी निवडत होत्या, मधेच एका अनोळखी माणसाचा हात धरून त्याची बाही वर सारली आणि विचारलं, "खाज येते का अजून?" तो माणूस आधी घाबरला, मग ओळख पटून पाया पडला. त्याचं नाव त्यांनी विचारलंही नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी समाधान नावाचा एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आणला. मोटारसायकलवरून जाताना पतंगाचा मांजा मानेत अडकला होता. दोघं मित्र त्याला मधे धरून बसले होते, त्यातल्या एकानं शर्ट काढून मानेला गुंडाळलेला, आणि शर्टातून रक्त टपटपत होतं. शर्ट काढला तशी चिळकांडी उडाली, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत. सर्जन बाहेर होते. अक्कांनी जखमेत बोट घातलं, चाचपलं, आणि जिथनं येत होतं तिथं दाबून धरलं. सर्जन पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटं त्या तशाच वाकून उभ्या होत्या. बोट हललं की रक्त, म्हणून हलायचं नाही. मुलगा शुद्धीवर होता. डोळे फाडून त्यांच्याकडे बघत होता. त्या त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सारख्या बोलत होत्या. मी जवळ जाऊन ऐकलं तर धुळ्यालाच शिव्या देत होत्या. "पतंग उडवता का माणसं कापता रे? जळगावले मेहरूणच्या तळ्यावर जाऊन पाह्य, लेकरं कशी पतंग उडवतात. डोळे मिटू नको. माझ्याकडे पाह्य. मी शिव्या देऊ ऱ्हायली ना, ऐक."

मुलगा वाचला. दहा दिवस ड्रेसिंगला आला. जाताना पेढे ठेवून गेला. पेढा तोंडात टाकून अक्का म्हणाल्या, "खवा चांगला आहे," आणि लगेच माझ्याकडे बघून, "कुठं बोलू नको."

त्याच हिवाळ्यात त्या मला जळगावला घेऊन गेल्या. त्यांच्या भाचीची सोयरीक ठरत होती आणि घरच्यांनी मळ्यात भरताचा बेत केला होता. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, केळीच्या पानांवर पंगत बसलेली. अक्का तिथं वेगळ्याच दिसत होत्या. आवाज खाली, डोक्यावर पदर, सगळ्याला "छान झालं, छान झालं". मला वाटलं, ह्या बाईला आपण उगाच ओळखतो असं समजत होतो.

त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान पंगतीत समोर बसले होते. ते सहज, हसत म्हणाले, "धुळ्याचंही एक स्थळ आलं होतं बरं का पोरीला. मीच नको म्हटलं. तलवारीचं गाव ते. तिथली माणसं म्हणजे जनावरं. अक्का, खोटं सांगत असेन तर सांगा, तुम्हीच म्हणता ना?"

मी पानावर बघत राहिले. मी धुळ्याची आहे हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं.

स्टीलचा तांब्या अक्कांच्या उजव्या हाताशी होता. तो केव्हा उचलला ते मला दिसलं नाही. आदळला तेव्हा दिसलं. मेहुण्यांची भुवई फुटली, रक्त भरतात पडलं. सगळी पंगत उठली. बहीण रडायला लागली, कोणी अक्कांचे हात धरले, मेहुणे एका हातानं डोळा दाबून दुसऱ्या हातानं पादत्राण शोधत होते. अक्का ओरडत होत्या, "जनावरं? तुझ्या बापानं पाह्यलं का धुळं? एका रात्रीचा मुक्काम केला का कधी तिथं? एकाले तरी पाणी पाजलं का?"

मग स्वतःच पुढे झाल्या, त्यांचा हात झटकून बाजूला केला, जखम बघितली आणि म्हणाल्या, "चार टाके लागतीन. चला."

टाके जळगावातल्या एका दवाखान्यात घातले. अक्का शेजारी उभ्या राहून तिथल्या सिस्टरला सूचना करत होत्या. संध्याकाळच्या बसनं आम्ही परत निघालो. पारोळ्यात त्यांनी खिडकीची काच लावली. मग म्हणाल्या, "सोयरीक मोडली तर माझ्यामुळे मोडन." जरा वेळानं पुन्हा, "पण तो असं बोलला कसा?"

"तुम्ही रोज बोलता अक्का."

"मी बोलते ते वेगळं."

  सोयरीक मोडली नाही, पण लग्नाचं बोलावणं अक्कांना आलं नाही.

आता एका दुपारचं सांगते.

एप्रिल महिना होता. हायवेवर अपघात झालेल्या एका तरुणाला आणलं तेव्हा त्याची नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी प्रयत्न केले, अर्ध्या तासानं ते थांबले. नातेवाइकांना वाटलं, डॉक्टरांनीच उशीर केला. बाहेर पन्नासेक माणसं जमली. उन्हामुळे सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले, त्यामुळे कोण नातेवाईक आणि कोण नुसताच आलेला, कळायला मार्ग नव्हता. पहिली काच फुटली ती औषधांच्या दुकानाची. मग "बठ्ठा फोडी टाका!" सगळं फोडून टाका, अशी आरोळी आली आणि ती माणसं आत शिरली.

ड्युटीवरची ही डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, नोकरीला लागून दोन महिने झालेली. अक्कांनी तिला दंडाला धरून ओढत माझ्या एक्स-रे रूममध्ये आणून ढकललं. त्या खोलीचं दार शिशाचा पत्रा आतून ठोकलेलं, जड. पण आतली कडी कधीची मोडलेली होती. बाहेर मात्र कडी-कोयंड्याचे दोन जाड लोखंडी कान होते. अक्कांनी दार बाहेरून ओढून घेतलं. कुलूप हाताशी नव्हतं. त्यांनी त्या दोन कानांतून आपला डावा हात कोपरापर्यंत घातला आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. हे मला नंतर कळलं. आतून मला फक्त ऐकू येत होतं.

"डॉक्टर कोठे शे? बाहेर काढ तिले!"

"मी काढत नाही. काय करता? मारा. तुमच्या गावाले दुसरं येतं काय?"

पहिला फटका दारावर बसला. दुसरा दारावर बसला नाही. त्याचा आवाज वेगळा होता. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. अक्का ओरडल्या आणि त्या ओरडण्यातच धुळ्याला शिव्या देऊ लागल्या. धुळ्याच्या गल्ल्यांना, धुळ्याच्या उन्हाला, नदीला, नळाला, एकेकाच्या खानदानाला. फटके पडत होते, अक्का शिव्या देत होत्या, दार थरथरत होतं. डॉक्टर मुलगी माझ्या कमरेला मिठी मारून बसली होती. मी मनात म्हणत होते, अक्का, हात काढा. हात काढा आणि पळा. आणि त्याच वेळी, देवा, त्यांनी हात काढू नये, असंही.

मग अचानक अक्का गप्प झाल्या. फटके चालूच होते, शिव्या थांबल्या. मला वाटलं, गेल्या.

पोलिसांची गाडी आली तशी पळापळ झाली. दार उघडेना, कारण अक्कांचा हात कानांमध्ये तसाच होता आणि सुजून अडकला होता. त्या खाली बसल्या होत्या, हात वर टांगलेला. शुद्धीवर होत्या. शेजारी सलाइनचा वाकलेला लोखंडी स्टँड पडला होता.

त्यांचा एक्स-रे मीच काढला. प्लेटवर हात ठेवताना त्या एकदाही कण्हल्या नाहीत, मी मात्र रडत होते. मनगटाच्या वर दोन्ही हाडं तीन-तीन ठिकाणी तुटली होती, तळव्यातली दोन, आणि करंगळीचा नुसता चुरा. फोटो उजेडात धरून त्यांना दाखवला. तो बघून त्या म्हणाल्या, "जळगावले असं झालं नसतं."

मी रडता रडता हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या हाताला पुन्हा कधी सुई धरता आली नाही. दोन ऑपरेशनं झाली, सळ्या बसवल्या. बोटं वाकडी राहिली. हॉस्पिटलनं त्यांना बसून करायचं काम दिलं. त्यांनी आठ दिवस केलं आणि सोडलं.

हल्ला झाला त्या संध्याकाळी, हाताला कच्चं प्लास्टर असतानाच, त्यांनी पोलिसांना जबाब दिला होता. चार जणांना ओळखलं म्हणाल्या. गुन्हा दाखल झाला आणि मग त्यांच्या घरावर दगड यायला लागले. गिरणीचा पट्टा कोणी कापून टाकला. मधुकरभाऊंना रस्त्यात गाठून चौघांनी मारलं. त्या माणसानं परत हात उचलला नाही, फक्त चष्मा काढून खिशात ठेवला, आणि म्हणून डोळे वाचले. जळगावहून अक्कांचा भाऊ आला. "चला इकडे. घर आहे, दार आहे," म्हणाला. ज्यांची भुवई फोडली होती त्या मेहुण्यांनीही निरोप पाठवला होता, राग नाही, या म्हणून. मी तिथंच होते. अक्का म्हणाल्या, "तिथं येऊन करू काय? तिथं मले सगळं चांगलंच दिसतं."

मग एक आबा आले. अक्कांच्या भागातला वजनदार माणूस, पांढरे कपडे, बोलणं गोड. "अक्का, आपलंच गाव शे, आपलाच पोरे शेत. चुकनात. मिटाडी टाका."

"माझं गाव नाही हे, आबा. मी जळगावची."

"मंग जळगाव जा ना."

"जात नाही," अक्का म्हणाल्या, आणि उजव्या हातानं दार लावून घेतलं.

खटला तीन वर्षांनी उभा राहिला. माझी साक्ष आधी झाली. आरोपींचे वकील मोठ्या सौजन्यानं बोलत होते. त्यांनी मला विचारलं, "सिंधूबाई धुळ्याबद्दल कसं बोलायच्या? रोज शिव्या द्यायच्या, हे खरं आहे का?"

मी सरकारी वकिलांकडे बघितलं. ते कागद बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"धुळ्यातली माणसं दवाखान्यातही वरातीतलीच राहतात, असं म्हणायच्या?"

"हो."

"पेशंटांना मारायच्या?"

"हो."

शपथ घेतली होती. दुसरं काय सांगणार? मी पिंजऱ्यातून उतरले. मला वाटलं, दाराचा कान आज मीच उपटून काढला.

त्यानंतर अक्कांची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसले. वाकडा हात पदराखाली घेऊन त्या उभ्या होत्या. वकिलांनी तोच धागा धरला. हल्लेखोरांच्या तोंडाला रुमाल होते, कोणाचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. या बाईंच्या मनात धुळ्यातल्या माणसांबद्दल आकस आहे. म्हणून यांनी ओळखीतल्या चार पोरांची नावं घेतली.

"मी नावं घेतलीच नाहीत," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मले नावं आठवत नाहीत. मी पोलिसांना व्रण सांगितले. एकाच्या मनगटावर कोयत्याचा, सहा टाके. एकाच्या दंडावर विळ्याचा. एकाची भुवई मधून तुटलेली. आणि एकाच्या मानेवर उजव्या कानाखालून हनुवटीकडे गेलेला मांजाचा व्रण. शेवटच्या टाक्यापाशी तुरीच्या दाण्याएवढी गाठ आहे. तिथं पू झाला होता. रुमाल त्याच्या नाकावर होता साहेब, मान उघडी होती. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता."

आरोपींच्या रांगेत समाधान तिसरा उभा होता. त्यानं मान खाली घातली, आणि खाली घातल्यामुळेच ती गाठ सगळ्यांना दिसली.

वकील अडले नाहीत. "हल्ल्याच्या वेळीसुद्धा तुम्ही धुळ्याला शिव्या देत होतात. बरोबर?"

"देत होते."

"शेवटपर्यंत?"

"नाही." अक्का म्हणाल्या. "मान दिसली तेव्हा थांबले."

 मला दारामागचा तो क्षण आठवला, फटके चालू असताना शिव्या थांबल्या होत्या तो.

"मग माझं असं म्हणणं आहे की, या शहराबद्दल तुमच्या मनात द्वेष आहे, आणि त्या द्वेषापोटी तुम्ही खोटी साक्ष देत आहात."

अक्कांचा आवाज पहिल्यांदा चढला. "द्वेष असता तर सव्वीस वर्षं इथल्या माणसांचा पू पुसला असता का मी? याच्या मानेत हे बोट होतं माझं, चाळीस मिनिटं. हेच." वाकडा हात त्यांनी वर केला. कुठलं बोट ते त्या वाकड्या बोटांच्या गुंत्यात कळत नव्हतं. "मेला असता तर आज मले हात असता. मी त्या वेळी बोट काढलं नाही. आता काढणार नाही. त्यानं मारलं. त्यानंच मारलं."

न्यायाधीशांनी त्यांना शांत व्हायला सांगितलं. टाइप करणाऱ्या माणसानं या सगळ्याची एक ओळ केली: 'धुळे शहराबद्दल माझ्या मनात द्वेष असल्याने मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.'

बाहेर आल्यावर, माझ्या साक्षीत काय विचारलं गेलं आणि मी काय उत्तर दिलं ते मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं ना? मग रडते कायले?"

निकाल पुढच्या वर्षी मे महिन्यात लागला. दोघं संशयाचा फायदा मिळून सुटले. समाधानला आणि मनगटावर व्रण असलेल्याला शिक्षा झाली. समाधानला नेताना त्यानं एकदा अक्कांकडे बघितलं.  पोलिसानं ढकललं, तो पुढे गेला.

आम्ही कोर्टाच्या आवारात आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. फरशी तव्यासारखी तापलेली. अक्का पुढे होत्या, मधुकरभाऊ रिक्षा बघायला गेले होते. झाडाखालच्या घोळक्यातून एक बाई धावत आली. समाधानची आई. वाळलेली, चाळिशी-पंचेचाळिशीची. तिनं अक्कांचा अंबाडा मुठीत धरला आणि त्यांना मागे ओढलं. "मन्हा पोऱ्यानी जिंदगी मट्टीमा घाली तू! जगाडा कसाले मंग? मरू देती तवयच!" जगवलंसच कशाला, म्हणत तिनं अक्कांचं तोंड ओरबाडलं. मी मधे पडले तर माझ्या हातावर नखं बसली. कोणी तरी तिला मागे खेचलं, तशी तिनं पायातली एक चप्पल काढून भिरकावली. ती अक्कांच्या डोळ्याच्या कडेला लागली. रक्त आलं. थोडंसंच, पण घामाबरोबर गालावर पसरलं.

अक्कांचा उजवा हात वर गेला. त्या हाताला मी ओळखत होते. मी डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही म्हणून डोळे उघडले. अक्का वाकल्या होत्या. त्यांनी ती चप्पल उचलली. समाधानची आई तापलेल्या फरशीवर एक पाय वर धरून उभी होती, कोणाच्या तरी हाताला लोंबकळत, हुंदके देत. अक्का तिच्यापाशी गेल्या, पुन्हा वाकल्या आणि चप्पल तिच्या पायाशी सरळ करून ठेवली.

"घाल, माय," त्या म्हणाल्या. "पाय भाजतीन."

बाईनं खाली बघितलं नाही.  मग पाय आपोआप खाली आला आणि चपलेत गेला.

अक्कांनी पदरानं डोळ्याची कड दाबली आणि फाटकाकडे चालू लागल्या. सुटलेले केस पाठीवर पसरले होते. ते बांधायला दोन हात लागतात, म्हणून तसेच राहू दिले. मधुकरभाऊ रिक्षा घेऊन आले होते. चढताना त्या रिक्षावाल्याला काहीतरी रागानं बोलल्या. एवढ्या लांबून मला त्यातलं 'जळगावले' एवढंच ऐकू आलं. पण तो हसला, आणि त्यानं मीटर पाडलं.